डबल बेल

आमच्या बोरिवलीच्या घरात टीव्हीखालच्या फळीवर साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी असते. आई रोज तिच्यावरून फडकं फिरवते आणि पाहुण्यांनी विचारलं तर "ह्यांची मशीन" एवढंच सांगते. कुणी तिला केबलचा डबा समजतं, कुणी वायफायचा. ते कॅप्चर कार्ड आहे. गेमच्या यंत्रातून टीव्हीकडे जाणारं चित्र वाटेत धरायचं आणि लॅपटॉपवर उतरवून ठेवायचं, हे त्याचं काम. आता त्याच्याकडे बघितलं की मला हसू येतं. ज्या दिवसांत ते घरात आलं, त्या दिवसांत मात्र मी कुणाशीच धड बोलत नव्हते.

बाबा बस ड्रायव्हर होते. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी गोरेगावहून आरे कॉलनीतून जाणाऱ्या बसवर काढली. म्हशींचे गोठे, पाडे, झाडीतून वळणं घेत जाणारा रस्ता, हे सगळं त्यांना आमच्या बिल्डिंगच्या जिन्यापेक्षा जास्त पाठ. पण घरी त्याबद्दल चकार शब्द नाही. जेवताना "मीठ दी" आणि झोपताना "पंखो बारीक कर", एवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा. बसमध्ये पुढे 'चालकाशी बोलू नये' अशी पाटी असते ना, ती बाबांनी निवृत्त होताना घरी आणली आणि गळ्यात घातली, असं मी म्हणायचे. आई म्हणायची, ती पाटी लग्नातसुद्धा होती.

मी गेम खेळते. हे ऐकलं की नातेवाईक अजून माझ्या वयाकडे बघतात. अंधेरीच्या ऑफिसातून दमून आलं की कुणी मालिका बघतं, मी गाड्या पळवते. त्यासाठी टीव्हीला जोडायचा गेमचा कन्सोल घेतला होता आणि पुढे टेबलाला आवळून बसवायचं एक स्टेअरिंगही. एकदा सेलमध्ये बस चालवायचा एक गेम मिळाला. युरोपातलं कुठलंसं शहर, चकाचक रस्ते, थांबे, वेळापत्रक, चढणारे-उतरणारे प्रवासी. दोन-चार थांब्यांतच मी कंटाळले, कारण त्यात गाडी पळवता येत नव्हती. बाबा मागे सोफ्यावर पेपर वाचत बसले होते. म्हणजे पेपर समोर धरून बसले होते. ते उठून आले आणि म्हणाले, "बाय, जरा सरक."

त्या दिवसापासून स्टेअरिंग त्यांचं झालं, आणि आमच्या घरात एक नवाच माणूस राहायला आला. हात चाकावर पडले की बाबांचं तोंड सुटायचं. पहिले काही दिवस त्या लोकांनी ड्रायव्हरला डावीकडे का बसवलं यावर गेले. मग रस्त्यातले लोक आले. कुणी मोटारसायकलवाला आडवा घुसला की, "खंय जातंस रे मेल्या, आवस वाट बघता घराकडे." एखादं मोकळं, झाडीचं वळण आलं की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. आई स्वयंपाकघरातून सांगायची, "अवो, थंय म्हशी नसतत." बाबा म्हणायचे, "कोणाक ठावक," आणि हॉर्न वाजवून मगच वळायचे.

आणि गोष्टी. आम्हाला कधीच न सांगितलेल्या. स्टुडिओतलं शूटिंग आटपून मुकुट आणि चिलखतासकट बसमध्ये चढलेला राजा, आणि त्याला "महाराज, मागे सरका" म्हणणारा कंडक्टर. पावसात थांब्याच्या शेडमध्ये रांगेत सगळ्यांच्या पुढे उभं राहिलेलं रेडकू. दिवेलागणीला रस्त्यात बसलेला बिबट्या, ज्याच्यासाठी बाबांनी इंजिन बंद करून गाडी उभी ठेवली आणि भरलेल्या बसमध्ये एक मूल खोकलं नाही. हे सगळं ते समोरच्या परदेशी रस्त्यावरची नजर न काढता सांगायचे. मध्येच कुणी प्रश्न विचारला की गप्प व्हायचे, म्हणून मी विचारणं सोडून दिलं.

एक सवय मात्र त्यांची सुटेना. आपल्याकडे सिटी बसचा ड्रायव्हर स्वतःच्या मर्जीने गाडी हलवत नाही. कंडक्टरने एक बेल दिली की थांबायचं, दोन दिल्या की निघायचं. त्या गेममध्ये कंडक्टरच नव्हता. दारं बंद करायची आणि निघायचं. बाबा दारं बंद करायचे आणि बसून राहायचे. वेळापत्रकाचे आकडे लाल व्हायचे, मागचे प्रवासी इंग्रजीत कुरकुरायचे, बाबा ढिम्म. पहिल्या दिवशी मी म्हटलं, बाबा, निघा ना. त्यांना निघता येईना. तेवढ्यात आई बाहेर आली, एकदा टीव्हीकडे आणि एकदा नवऱ्याकडे बघितलं, आत गेली आणि चमच्याने स्टीलच्या पेल्यावर वाजवलं, टिंग टिंग.

"धरून बसा रे," बाबा म्हणाले आणि बस सुटली.

आईला ते कळलं याचं मला नवल वाटलं होतं. नंतर तिनेच सांगितलं. लग्न झालं तेव्हा सासरी एकाच खोलीत सगळा गोतावळा. नवराबायकोला बोलायला जागा नाही. मग ती दुपारची गोरेगावला जाऊन बाबांच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायची, शेवटच्या थांब्यापर्यंत जायची आणि त्याच बसने परत यायची. बोलणं तेव्हाही व्हायचं नाही, पाटी होतीच. पण त्या बेला तिच्या कानात राहिल्या होत्या. तेव्हापासून आमच्याकडे संध्याकाळी बाबांच्या प्रत्येक थांब्यानंतर स्वयंपाकघरातून टिंग टिंग यायचं. फोडणी करपली तर करपली, गाडीला उशीर नाही.

हे असं मजेत चाललं होतं आणि बाबांच्या गळ्याशी गाठ दिसली. दाढी करताना त्यांना ती आधीच लागली होती, पण पाटी आडवी आली. मग तपासण्या, सोनोग्राफी, सुई घालून तपासणी. तिचा निकाल धड हो नाही, धड नाही नाही. शेवटी थायरॉइडचं ऑपरेशन ठरलं. सर्जनने कागदावर चित्र काढून दाखवलं. ही ग्रंथी, ही गाठ, आणि तिच्या मागून अगदी चिकटून जाणारी ही बारीक नस. आवाजाची. बहुतेक वेळा काही होत नाही, ते म्हणाले. क्वचित आवाज बसतो. कधी परत येतो, कधी येत नाही. गाठ कसली आहे तेही ती काढल्यावरच नक्की कळेल. तारीख दसरा आणि दिवाळीच्या मधली मिळाली.

रिक्षाने परत निघालो. आईने फाइल मांडीवर धरली होती आणि बाबा रिक्षावाल्याच्या गिअर बदलण्याकडे बघत होते. मला देवाचा राग आला होता. जन्मभर गप्प राहिलेला माणूस आत्ता कुठे बोलायला लागला, आणि याला आत्ताच ही नस दिसली? गाठीची भीती होतीच. पण ती एवढी मोठी होती की तिला हात लावता येत नव्हता. आवाजाचं मात्र काहीतरी करता येण्यासारखं होतं. तो साठवून ठेवायचा असं मी त्या रिक्षातच ठरवलं. त्या दिवसांत मी कुठलीही गोष्ट उद्यावर टाकत नव्हते.

आधी फोन उभा करून बघितला. फोन दिसल्याबरोबर बाबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि शुद्ध मराठीत बोलायला लागले. "आता आपण डावीकडे वळण घेत आहोत." मालवणी गेली, राजा गेला, मेले गेले, निरोपसमारंभातलं भाषण उरलं. मी फोन काढून घेतला. कन्सोलमध्येच रेकॉर्डिंगची सोय असते, पण बाबांचा आवाज त्यात यायचा तर माइकवाला हेडफोन डोक्यावर चढवावा लागत होता. कानात काही घालून गाडी चालवायची ही कल्पनाच त्यांना गुन्ह्यासारखी वाटली. नुसता आवाज टिपावा, तर "खंय जातंस रे मेल्या" हे कुणाला आणि का म्हटलं ते चित्राशिवाय कसं कळणार? मला दोन्ही हवं होतं, त्यांच्यासमोरचा रस्ता आणि त्यावरचं त्यांचं बोलणं, आणि तेही त्यांना जाणवू न देता.

ऑफिसातला माझा एक मित्र घाटकोपरला राहतो आणि स्वतः गेम खेळतानाचे व्हिडिओ करतो. बघणारे त्याच्या चुलत-मावस भावंडांइतकेच, पण ज्ञान अफाट. मी त्याला कारण सांगितलं नाही, फक्त कुठलं कार्ड घेऊ ते विचारलं. त्याने जेवणाच्या सुट्टीत माझी शिकवणीच घेतली. कॉम्प्युटरच्या पोटात बसवायची कार्डं वेगळी, ती लॅपटॉपवाल्यांच्या कामाची नाहीत, तू बाहेरून यूएसबीला लावायचं घे. "आणि बॉक्सवर फोर-के लिहिलंय म्हणून भुलू नको यार. कधी कधी ते फक्त टीव्हीवर दाखवतं, रेकॉर्ड वेगळंच करतं." मग त्याने ड्रॉवरमधून पेनड्राइव्हसारखी एक पट्टी काढून दिली. आधी ही वापरून बघ म्हणाला.

ती वापरून बघितली. त्या पट्टीत केबल घालायला जागा होती, पण टीव्हीकडे चित्र पुढे पाठवायची सोय नव्हती. त्यामुळे बाबांना लॅपटॉपच्या पडद्यावर बघून गाडी चालवावी लागली. तिथे चित्र किंचित उशिरा येतं. मला ते जाणवलंसुद्धा नाही. बाबांनी पहिल्याच सिग्नलला गाडी पांढऱ्या पट्टीच्या पुढे नेली आणि त्यांचा चेहरा उतरला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. त्यांनी हात चाकावरून काढले.

"हिचो ब्रेक उशिरा लागता," ते म्हणाले. "डेपोत धाड."

त्यापुढे ते त्या संध्याकाळी एक शब्द बोलले नाहीत. मी मित्राला सांगितलं तर तो खूश झाला. त्याच्या मते बाबांनी एका वाक्यात जे सांगितलं त्यावर लोक अर्ध्या तासाचे व्हिडिओ करतात. मग पासथ्रूवालं कार्ड घे, तो म्हणाला. त्यात एका बाजूने कन्सोलची केबल आत जाते, दुसऱ्या बाजूने टीव्हीची बाहेर. टीव्हीवरचं चित्र जसंच्या तसं, ताबडतोब, आणि लॅपटॉपला त्याची नक्कल. ड्रायव्हरने टीव्हीकडे बघायचं, उशीर झाला तर तो लॅपटॉपला होतो. एवढं कळल्यावर निवड सोपी झाली. बाकीची सगळी फुशारकी सोडून मी फक्त ब्रेक वेळेवर लागणारं कार्ड शोधलं.

कार्ड आलं आणि पाठोपाठ दसरा आला. बाबा डेपोत असताना दसऱ्याला बसला झेंडूचा हार घालायचे. निवृत्तीनंतर माझ्या स्कूटीला घालायचे. यंदा त्यांनी टेबलावरचं स्टेअरिंग पुसून त्याला हार घातला. आईने पाट मांडला, म्हणाली, घरात जी जी यंत्रं आहेत ती आणा. मिक्सरचं भांडं आलं, शिलाई मशीनची बॉबिन आली, कन्सोल आला. नवीन कार्डही मी नाक मुरडत ठेवलं. हळद लाव, कुंकू लाव, पण वरून लाव, एवढं मी आईला बजावलं. तिने ते तंतोतंत पाळलं. अक्षता मात्र वरूनच टाकायच्या असतात.

दुसऱ्या दिवशी जोडणी केली. कन्सोलची केबल कार्डात, कार्डाची टीव्हीत, तिसरी वायर लॅपटॉपच्या निळ्या यूएसबीत. टीव्हीवर चित्र आलं आणि गेलं. परत आलं, परत गेलं. लॅपटॉपवर तर नुसता काळोख. मी केबली बदलल्या. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. मित्राने फोनवरून सांगितलं म्हणून कन्सोलच्या सेटिंगमध्ये जाऊन ते एक कुलूप काढलं, लोकांनी सिनेमे उतरवून घेऊ नयेत म्हणून असतं ते. त्या कुलपामुळे आम्हा गेमवाल्यांच्या पडद्यावरही काळोख होतो. कुलूप निघालं, चित्राची उघडझाप तशीच. बाबा हात चाकावर ठेवून तयार, आई पेला हातात घेऊन तयार, आणि मी फरशीवर वायरींत बसून दुकानदाराच्या नावाने बोटं मोडतेय. मुळात मी चिडकी, त्यात ऑपरेशन जवळ आलेलं. कार्ड सदोष आहे, आत्ताच्या आत्ता जाऊन त्याच्या तोंडावर मारते, असं म्हणून मी चपलासुद्धा घातल्या.

मित्र म्हणाला, जायच्या आधी एकदा केबल घालायच्या खाचेचा फोटो काढून पाठव. पाठवला. मग त्याचा फोनच आला.

"आत गुलाबी काय आहे ते?"

मी फोटो मोठा करून बघितला. "अक्षता," मी म्हटलं.

"यार," तो म्हणाला, "तू कार्डचं लग्न लावलंस काय?"

कुंकवाने ओला झालेला एकच दाणा त्या खाचेत जाऊन बसला होता आणि वाळून चिकटला होता. म्हणून केबल आत गेल्यासारखी वाटायची पण पुरती बसायची नाही. सगळ्या वायरी काढून, दात कोरायच्या काडीने, श्वास रोखून मी तो दाणा बाहेर काढला. आईला याचं काडीचं वाईट वाटलं नाही. तिच्या मते अक्षत इतकी आत गेली म्हणजे पूजा पावली. मी चपला काढल्या, केबल घातली, ती खट् करून बसली, आणि टीव्हीवर बसचा डेपो असा काही स्वच्छ दिसला की मला रडू यायला लागलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या हातून एखादी गोष्ट नीट झाली होती.

छोटा माइक मी टेबलावरच्या पेनांच्या उभ्या डब्यात लपवला. रेकॉर्डिंग चालू असलं की लॅपटॉपवर लाल ठिपका दिसतो, म्हणून लॅपटॉप भिंतीकडे वळवला. बाबांना सांगितलं की मित्राला तुमचं ड्रायव्हिंग बघायचंय, तुम्ही नेहमीसारखं चालवा. ते "बरा" म्हणाले आणि पहिल्या सिग्नलला गाडी बरोबर पट्टीवर उभी केली. त्या आठवड्यात मी रोज ऑफिसातून वेळेवर निघाले. राजा पुन्हा आला, रेडकू आलं, बिबट्या आला. एक नवीनही आलं. आईसाठी ते त्या मागच्या सीटवर स्वतःचा डबा ठेवून द्यायचे, म्हणजे कुणी बसायचं नाही. हे सांगताना त्यांनी आरशात बघावं तसं वर बघितलं. पुढच्या थांब्याला आईची बेल यायला जरा वेळ लागला.

ऑपरेशनला दाखल व्हायच्या आधीच्या संध्याकाळी बाबा म्हणाले, बघूया कशी दिसते गाडी. मी मोठ्या ऐटीत त्यातलं एक रेकॉर्डिंग टीव्हीवर लावलं. रस्ता झकास, बाबांचा आवाज खणखणीत, मागे पंख्याची घरघरसुद्धा नाही. त्यासाठी मी सॉफ्टवेअरमध्ये एक गाळणी लावली होती. माणसाचं बोलणं ठेवायचं आणि बाकीचा गोंगाट काढून टाकायचा. बाबा लक्ष देऊन ऐकत होते. टीव्हीत थांबा आला, दारं बंद झाली, बस काही क्षण उभी राहिली आणि ते म्हणाले, "धरून बसा रे." सोफ्यावरचे बाबा पुढे सरकले.

"बेल नाय तर गाडी सुटली कशी?"

मी मागे नेऊन पुन्हा लावलं. बेल नव्हती. दुसरं रेकॉर्डिंग लावलं, त्यातही नाही. पेल्याचा आवाज त्या गाळणीने गोंगाट म्हणून प्रत्येक ठिकाणाहून नेमका वेचून काढला होता. मी समजावायला लागले की बाबा, तुमचा आवाज स्वच्छ यावा म्हणून तसं केलं, तुमचा आवाज महत्त्वाचा. त्यांनी मला बोलू दिलं. मग शांतपणे म्हणाले, "माका सगळा कळता, बाय. तू माझो आवाज ठेवतंस मां? मग तिची बेल पण ठेव."

म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मित्र, ड्रायव्हिंग, भिंतीकडे वळवलेला लॅपटॉप, कशावरही त्यांचा विश्वास बसला नव्हता, आणि तरी ते रोज बसून बोलत राहिले होते. मला तिथे बसवेना. मी स्वयंपाकघरात गेले तर आई ओट्याशी पाठ करून उभी, पेला घासत होती. तो आधीच लख्ख होता. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले आणि ती घासत राहिली. मग तोंड धुऊन बाहेर आले, गाळणी काढून टाकली, आणि बाबांनी आणखी एक फेरी मारली. त्या फेरीत पंख्याची घरघर आहे, शेजारच्यांचा कुकर आहे, आणि प्रत्येक थांब्याला टिंग टिंग आहे.

ऑपरेशनच्या दिवशी त्यांना हिरवे कपडे घालून स्ट्रेचरवर घेतलं. वॉर्डबॉयने चाकाचा ब्रेक काढला आणि ढकलणार तेवढ्यात बाबांनी हात वर केला. त्याला वाटलं, काका घाबरले. सिस्टर जवळ आली. बाबा आईकडे बघत होते. हॉस्पिटलच्या प्लास्टिकच्या ग्लासातलं पाणी आई पीत नाही, त्यामुळे तिच्या पिशवीत स्टीलचा पेला होता, आणि औषधासाठी चमचाही. तिने दोन्ही काढले. त्या कॉरिडॉरमध्ये, सगळ्या लोकांसमोर, तिने दोनदा वाजवलं.

"धरून बसा," बाबा आम्हाला म्हणाले, आणि स्ट्रेचर निघालं. आम्ही दोघी बाकावर खरोखरच धरून बसलो. मी तिचा हात आणि तिने पिशवीचे बंद.

बऱ्याच वेळाने सर्जन बाहेर आले. गाठ व्यवस्थित निघाली, नस दिसली, तिला धक्का लागलेला नाही असं वाटतं, पण खरं काय ते बोलल्यावर कळेल, असं म्हणाले. आम्हाला दोघींना जरा वेळ आत सोडलं. पिशवी बाहेर ठेवायला लावली. बाबांच्या गळ्याला पट्टी होती आणि डोळे उघडे होते. काका, तुमचं नाव सांगा, सर्जन म्हणाले. बाबा गप्प. घाई नाही, पण काहीतरी बोला. बाबा गप्प. ओठसुद्धा हलले नाहीत. नस गेली, मला वाटलं, गेली. सगळी रेकॉर्डिंग्ज एका क्षणात डोळ्यांसमोर आली, आणि ती मला नको होती.

मग बाबांनी चादरीखालून एक बोट बाहेर काढलं आणि आईकडे बघून ते दोनदा हलवलं. पेला बाहेर राहिला होता. आईने इकडेतिकडे बघितलं, हातातली बांगडी पुढे सरकवली आणि कॉटच्या लोखंडी दांडीवर दोनदा आपटली.

"धरून बसा रे."

आवाज घोगरा होता, पार तळातून आलेला, पण त्यांचा होता. सिस्टर हसली. सर्जन म्हणाले, हे काय नाव झालं? आणि त्यांनीही सुस्कारा सोडला, तो मी ऐकला. माझा जीव भांड्यात पडला. आईने बांगडी परत मागे सारली आणि सिस्टरला विचारलं की ह्यांना चहा कधी देता येईल. काही दिवसांनी गाठीचा रिपोर्टही आला. साधी होती.

घरी आल्यावर थोडे दिवस कमी बोला, असं बजावून पाठवलं होतं. बाबांना ते पथ्य कसं जड जावं? पुन्हा "मीठ दी"वर आले. दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर ते स्टेअरिंगपुढे बसले होते, गळ्याला मफलर, बसची दारं बंद. आतून टिंग टिंग आलं आणि गाडी सुटली. पुढच्या थांब्यापर्यंत ते काहीच बोलले नाहीत. मग त्या परदेशातल्या रस्त्यावर झाडी लागली, त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला, आणि घोगऱ्या आवाजात मी कधी न ऐकलेलं काहीतरी सुरू झालं. आरेतला एक दूधवाला, त्याचे कॅन आणि एक माकड. मी पर्स खांद्याला तशीच ठेवून दारात उभी राहून ऐकत होते.

मध्येच त्यांनी लॅपटॉपकडे मान वळवली. आता तो भिंतीकडे तोंड करून ठेवायची गरज नव्हती. "तुझी ती लाल लाइट दिसना नाय."

कार्ड जोडलेलं होतं. बटण दाबायचा अवकाश. मी पर्स काढून सोफ्यावर टाकली आणि त्यांच्या मागे बसले.

"राहू दे," मी म्हटलं. "उद्या लावते."